मऊ कवच किती टिकतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मागे एकदा ऐन पावसात ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओत आलो होतो. अंगात पावसाळी जाकीट होतं, ते तसंच ठेवून मायक्रोफोनसमोर बसलो आणि कवितेची पहिली ओळ वाचली. काचेपलीकडच्या बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, "सर, कविता ऐकू येतेय, पण जाकीट जास्त ऐकू येतंय. काढून ठेवता का?" खरंच, हात जरा हलला की ते कागदासारखं वाजत होतं.

घरी हा किस्सा सांगितला तेव्हा माझा भाचा म्हणाला, "मामू, ते हार्डशेल. ते वाजणारच. माझं सॉफ्टशेल बघा, वाजत नाही." त्यानं स्वतःची बाही चोळून दाखवली. आवाज नाही. हा भाचा पनवेलला राहतो, कारखान्यात फिटर आहे आणि रविवार आला की सह्याद्रीतल्या कुठल्यातरी कड्याला लटकलेला असतो. त्याच्या त्या न वाजणाऱ्या कापडाबद्दल आज बोलायचं आहे. गिर्यारोहण आपल्यापैकी थोडेच लोक करतात, हे मला माहीत आहे. पण हे कापड आता ट्रेकिंगच्या पँटमध्ये, थंडीच्या जाकिटात, मोटरसायकलवर जाणाऱ्या पोरांच्या अंगावर सगळीकडे दिसतं. ते घेताना दुकानदाराला आपण एकच प्रश्न विचारतो, "टिकेल ना?" आणि त्या प्रश्नाचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

आधी हे काय प्रकरण आहे ते सांगतो. डोंगरावर पाऊस, वारा आणि बर्फ यांच्यापासून वाचायला जो सगळ्यात वरचा कपडा घालतात त्याला 'शेल', म्हणजे कवच म्हणतात. हार्डशेल म्हणजे कडक कवच. त्याच्या आत एक अगदी पातळ पडदा असतो, शिवणींवर आतून पट्ट्या चिकटवलेल्या असतात. पाणी आत येत नाही. पण चढताना सुटलेला घामही लवकर बाहेर जात नाही. सॉफ्टशेल, म्हणजे मऊ कवच, हे वेगळ्या विचारातून आलं. गिर्यारोहक बराचसा वेळ हलत असतो, घामेजलेला असतो. त्याला शंभर टक्के पाणी अडवण्यापेक्षा वारा अडवणारं, घाम सोडणारं आणि पाय उचलला की सोबत ताणलं जाणारं कापड जास्त उपयोगी. हलक्या सरी, भुरभुरता बर्फ एवढं झटकता आलं की झालं. हे नाव १९९० च्या दशकाच्या शेवटी आणि २००० नंतर जगभर रुळलं.

विचार मात्र जुनाच आहे. इंग्लंडमध्ये थॉमस बर्बेरीनं १८७९ साली गॅबर्डिन नावाचं कापड काढलं. विणण्याआधीच सुतावर पाणी न धरणारी प्रक्रिया करायची आणि मग वीण इतकी घट्ट ठेवायची की वारा अडेल, पण कापड श्वास घेईल. १९२४ साली एव्हरेस्टवर गेलेल्या जॉर्ज मॅलरीच्या अंगावर वरून गॅबर्डिन होतं आणि आत लोकर, सुती, रेशमी अशा कपड्यांचे थर होते. ८ जून १९२४ रोजी मॅलरी आणि त्याचा सोबती आयर्विन शिखराकडे जाताना शेवटचे दिसले. पंचाहत्तर वर्षांनी, १ मे १९९९ रोजी मॅलरीचा देह सापडला. शोधणाऱ्यांना आधी वाटलं, हा आयर्विनच असणार. मग मानेजवळच्या कापडावर शिवलेलं लेबल दिसलं. त्यावर मॅलरीचं नाव होतं. गॉडलमिंग या गावातल्या कपड्यांच्या दुकानाचंही लेबल होतं. पाठीवर उघडं पडलेलं कापड उन्हानं आणि वाऱ्यानं फाटून गेलं होतं, पण जे थर झाकलेले राहिले ते टिकले होते. लोकर, रेशीम, सूत, पंचाहत्तर वर्षं! कोरडी थंडी होती म्हणून. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या लेबलची गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण माझे अब्बा जुन्नरला शिंपीकाम करायचे. कापड कसं ओळखायचं हे मी त्यांच्या दुकानात बघितलं. ते आधी कापड मुठीत चुरगळायचे आणि सोडून बघायचे. मग दोन अंगठ्यांमध्ये ताणायचे. शंका आली तर कडेचा एक धागा उसवून काडी लावायचे. लोकर जळाली की केस जळाल्याचा वास येतो, सुती धागा कागदासारखा जळतो आणि टेरिलिनचा धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. त्यांच्या बोटांवर माझा फार विश्वास होता. थोडीफार ती बोटं माझ्यात आली आहेत असंही मला वाटायचं. भाच्यानं पहिल्यांदा सॉफ्टशेल घेतलं तेव्हा म्हणूनच तो मला सोबत घेऊन गेला.

त्याला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्ससाठी जायचं होतं. तीन महिन्यांचे पैसे बाजूला टाकले होते त्यानं. आम्ही एकाच दुकानातून एक पँट आणि एक जाकीट घेतलं. पँट साध्या एकेरी विणीची, ताणली जाणारी. जाकीट महागाचं. बाहेर ताणलं जाणारं कापड, मधे वारा-पाणी अडवणारा पडदा आणि आतून लोकरीसारखं लुसलुशीत फ्लीस, असे तिन्ही थर एकमेकांना चिकटवलेले. मी दोन्ही चुरगळून, ताणून पाहिलं आणि जाकिटावर हात ठेवून म्हणालो, "बेटा, पँटचं सांगत नाही, पण हे तुला दहा वर्षं जाईल."

पँट त्यानं रविवारमागून रविवार घातली. जाकीट मात्र कोर्सला आणि नंतर एकदा हिमाचलात. बाकी वेळ माझ्या बहिणीनं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवलं. पाचव्या वर्षी हिमालयातल्या एका मोहिमेसाठी त्यानं ते बाहेर काढलं आणि झटकलं, तर आतून पांढरट पापुद्रे गळायला लागले. खांद्यावर फुगे आले होते. कापडाचे थर एकमेकांपासून सुटले होते. पँट मात्र मागून थोडी विरलेली, पण धडधाकट. तो मला म्हणाला, "मामू, जे वापरलं ते टिकलं आणि जे जपलं ते गेलं. असं कसं?"

मी बी.ए. मराठीचा माणूस. रसायनशास्त्राशी माझा संबंध बारावीआधीच संपला. पण दहा वर्षांचा शब्द मी दिला होता आणि पैसे पोराचे गेले होते, म्हणून हा प्रश्न मला सोडवावा लागला. सोडवताना कळलं ते असं, की सॉफ्टशेलला एक आयुष्य नसतंच. त्याच्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि चौघींचं मरण वेगवेगळं असतं. ते ओळखता आलं नाही तर माणूस चांगला कपडा टाकून देतो आणि मेलेला कपडा विश्वासानं डोंगरावर घेऊन जातो.

सगळ्यात आधी मरतो तो पाणी झटकण्याचा गुण. नव्या सॉफ्टशेलवर पाणी टाका, ते आळवाच्या पानावरच्या थेंबासारखं गोल होऊन घरंगळतं. हा गुण कापडाचा नसतो. धाग्यांवर अगदी पातळ रासायनिक लेप दिलेला असतो, त्याचा असतो. त्या लेपाचे सूक्ष्म तंतू उभे असेपर्यंत पाणी धाग्याला धरत नाही. सॅकचे पट्टे, घाम, अंगाचं तेल, चुलीचा धूर, धुण्याच्या पावडरचा उरलेला अंश, यांनी ते झाकले जातात किंवा आडवे पडतात. मग थेंब घरंगळत नाही, पसरतो. कापड ओलं आणि जड होतं.

इथे बरेच लोक म्हणतात, "कापड गेलं." कापड गेलेलं नसतं. बहुतेक वेळा लेप नुसता झोपलेला असतो. नीट धुऊन, दोन-तीन पाण्यांतून खळबळून, वाळवून, लेबलवर परवानगी असेल तर मंद इस्त्रीची ऊब दिली की तो पुष्कळदा जागा होतो. इस्त्री करताना मधे सुती फडकं ठेवावं. तरी थेंब पसरत असेल तर बाजारात लेप पुन्हा चढवायची द्रव्यं मिळतात. धुताना कपडे मऊ करणारं कंडिशनर मात्र अजिबात घालू नये. ते धाग्यावर स्वतःचा थर सोडतं आणि त्या थराला पाणी हवंहवंसं वाटतं. आमच्या घरी हा गुन्हा मीच केला होता. पोराच्या कपड्यांना वास चांगला यावा म्हणून!

या लेपाबद्दल आणखी एक गोष्ट. वर्षानुवर्षं तो फ्लोरिन असलेल्या रसायनांचा असायचा. पाणी आणि तेल दोन्ही झटकण्यात ती फार तरबेज. पण ती निसर्गात अतिशय सावकाश मोडतात, पाण्यात, मातीत, माणसांच्या रक्तातही सापडतात. म्हणून आता ती मागे पडताहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक नव्या कपड्यांत ती मुद्दाम घालायला बंदी आहे. नव्या लेपांत फ्लोरिन नसतं. ते पाणी चांगलं झटकतात, पण तेल झटकत नाहीत. त्यामुळे अंगाच्या तेलानं ते लवकर मळतात आणि कपडा जरा जास्त वेळा धुवावा लागतो. आपल्या आधीच्या पिढीनं शिकवलं होतं की जास्त धुतलं की कापड झिजतं. इथे उलट आहे. मळका ठेवला तर तो आधी निकामी होतो.

पण एक इशारा इथेच देतो. लेप कितीही ताजा असला तरी सॉफ्टशेल हा रेनकोट नव्हे. एका जुलैत भाचा घाटमाथ्यावर हेच जाकीट घालून गेला. त्याच्या शिवणींवर आतून पट्ट्या नव्हत्या. पाऊस तासन्‌तास, वर वारा. शिवणींतून पाणी झिरपत गेलं, आतलं फ्लीस भिजलं. सोबतच्यांच्या लक्षात आलं की हा नीट बोलत नाहीये, शब्द जड येताहेत, बुटाची नाडी बांधताना बोटं चुकताहेत. मित्र जाणते होते. आडोसा बघून त्यांनी ओले कपडे उतरवले, कोरडे चढवले, गरम पाणी पाजलं आणि तिथूनच परत फिरले. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली जाणं याला बर्फ लागत नाही. पाऊस, वारा आणि थकवा एवढं पुरतं. आपल्या सह्याद्रीतही पुरतं. तेव्हा लांबच्या पावसात वाजणारं जाकीटच हवं. वाजू दे.

दुसरं आयुष्य ताणाचं. हे कापड ताणलं जातं ते इलास्टेन नावाच्या धाग्यामुळे. हा धागा ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ साली तयार केला. लायक्रा या व्यापारी नावानं आपण त्याला ओळखतो. सॉफ्टशेलमध्ये मुख्य धागा असतो नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा आणि त्यात शेकड्यात पाच-दहा, कधी थोडा जास्त, इलास्टेन. प्रमाण एवढंसं, पण गुडघा वाकवला की ताणलं जाणं आणि सरळ केला की परत येणं, हे सगळं काम त्याचं. टिकण्यातही त्याचा वाटा असतो. न ताणलं जाणारं कापड खडकात अडकलं की सगळा ओढा दोन-चार धाग्यांवर येतो आणि ते तुटतात. ताणलं जाणारं कापड थोडं देतं आणि ओढा वाटून घेतं.

इलास्टेनचे शत्रू तीन: उष्णता, क्लोरीन आणि ऊन. कडक इस्त्री, ब्लीच पावडर आणि गच्चीवर दिवसभर कडक उन्हात वाळत घालणं. आपल्याकडे तिन्ही गोष्टी नेमानं होतात. मेलेला ताण ओळखायला सोपा. पँटच्या गुडघ्याला पिशवी येते आणि ती परत आत जात नाही. कधी कापडावर आखूड, चमकदार, रबरी केस डोकावायला लागतात. ते तुटलेलं इलास्टेन. हा ताण पुन्हा आणता येत नाही. पण अशी पँट शेतात, बागेत, रोजच्या चालण्यात अजून खूप वर्षं जाते. फक्त कड्यावर ती पाय अडवते.

तिसरं आयुष्य विणीचं. हे सगळ्यात चिवट. नायलॉन १९३५ साली वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत जन्मलं आणि घर्षण सोसण्यात ते आजही वरच्या रांगेत आहे. धागा किती जाड हे डेनियरमध्ये मोजतात. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. सुताच्या बाजारात हा शब्द तुम्ही ऐकला असेल. धागा जाड, वीण घट्ट आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर कापड जास्त घासणं सोसतं.

किती सोसतं हे मोजायला मार्टिंडेल नावाची चाचणी आहे, १९४० च्या दशकातली. कापडाचा गोल तुकडा यंत्रात बसवून ठरावीक दाबाखाली लोकरीच्या कापडावर फिरवत ठेवतात आणि किती फेऱ्यांनंतर धागे तुटतात ते मोजतात. कंपन्या तो आकडा अभिमानानं सांगतात. आकडा खोटा नसतो, पण सह्याद्रीचा कातळ म्हणजे लोकरीचं कापड नव्हे. आपला कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून झालेला बेसॉल्ट. कुठे गुळगुळीत, तर कुठे सच्छिद्र, खवल्यांसारखा. त्यातून मधे करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरी. काटा कापड घासत नाही, एकच धागा धरून ओढतो. खडकाची धार तर गुडघा पूर्ण वाकलेला असताना, कापड अगदी ताणलेलं असताना लागली की सहज कापते. सैल कापड निसटतं, ताणलेलं सापडतं. म्हणून पँट ताणली जाते या भरवशावर ती अंगाला गच्च बसणारी घेऊ नये.

वीण झिजते तीही सगळीकडून सारखी नाही. भाच्याची पँट मी उजेडासमोर धरून पाहिली. मांड्या, पोटऱ्या नव्यासारख्या. बसायची जागा चाळणीसारखी पातळ. कारण घसाऱ्यावरून उतरताना पोरं बुडावर बसून येतात. गुडघे झिजलेले. कमरेला हार्नेसचा पट्टा बसतो तिथे तंतूंच्या गोळ्या. जाकिटांचं असंच असतं. चिमणीतून, म्हणजे दोन कातळांमधल्या अरुंद फटीतून चढताना पाठ एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला रेटलेले असतात. तिथे पाठ आणि कोपर आधी जातात. म्हणूनच कारागीर या जागी वेगळं, जाड कापड लावतात. आणि अशा पँटला दोन पायांच्या मधे चौकोनी तुकडा बसवलेला असतो. चार शिवणी एकाच बिंदूवर आल्या की तिथेच फाटतं. तुकडा बसवला की ओढा पसरतो. आमच्या घरी पायजम्यातल्या या तुकड्याला मियानी म्हणतात. अब्बा आयुष्यभर मियानी कापत आले. स्वित्झर्लंड-अमेरिकेच्या पँटमध्ये ती बघून मला बरं वाटलं.

आता चौथं आयुष्य, आणि भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. ते आहे डिंकाचं आणि पडद्याचं. तीन थरांचं जाकीट म्हणजे चिकटवलेलं जाकीट. हा डिंक, आणि पुष्कळदा मधला पडदाही, पॉलियुरेथेनचा असतो. या पदार्थाच्या काही जातींना हवेतली वाफच खाते. पाण्याचे रेणू त्याच्या लांब साखळ्यांत शिरून त्या कडी कडीनं तोडतात. जितकी उष्णता आणि दमटपणा जास्त तितकं हे काम वेगानं चालतं. त्याला जाकीट घालावं लागत नाही, डोंगरावर जावं लागत नाही. पनवेलचं बंद कपाट, प्लॅस्टिकची पिशवी आणि चार पावसाळे एवढं पुरतं.

तुम्हीही हे पाहिलेलं आहे. लग्नासाठी घेतलेले खेळाचे भारी बूट दोन-तीन वर्षं खोक्यात ठेवून बाहेर काढले की तळ भुसभुशीत होऊन गळतो. जुन्या सॅकचं अस्तर चिकट होतं, त्याला एक आंबूस वास येतो. नकली चामड्याच्या पर्सचे पापुद्रे सुटतात. रोग एकच. मॅलरीचं सूत आणि रेशीम एव्हरेस्टच्या कोरड्या थंडीत पंचाहत्तर वर्षं राहिलं आणि आपल्याकडे एक महागडं जाकीट पाच वर्षांत विरघळलं, त्याचं कारण हे. गंमत म्हणजे इलास्टेनही पॉलियुरेथेनच्याच कुळातलं. पण कापडात वापरतात ती बहुतेक जात दमटपणाला दाद देत नाही. ती उन्हाला आणि क्लोरीनला हरते. एकाच घरातले दोन भाऊ, एकाला ऊन बाधतं, एकाला ओल.

माझी बोटं इथे चुकली. मी कापड चुरगळलं, ताणलं आणि वीण चांगली आहे हे बरोबर ओळखलं. पण ती वीण कशानं चिकटवलेली आहे हे बोटांना कळत नाही. अब्बांनाही कळलं नसतं. त्यांच्या काळात कापड विणलेलं असायचं, चिकटवलेलं नसायचं.

मग करायचं काय? आपल्या हवेचा विचार करून मी भाच्याला जे सांगितलं तेच सांगतो. सह्याद्रीत चढायचं तर सॉफ्टशेलची पँट घ्या, साध्या विणीची, पडदा नसलेली. जाकिटाची आपल्याकडे हिवाळ्यातल्या रात्री सोडल्या तर फारशी गरज पडत नाही. तेही घ्यायचं तर शक्यतो न चिकटवलेल्या विणीचं घ्या. त्यात डिंक नाही, तेव्हा डिंकाचं मरणही नाही. चिकटवलेलं जाकीट हिमालयासाठी लागत असेल तर ते खरोखर जायच्या आधी घ्या, आठ वर्षं पुढचा विचार करून नको. सेलमध्ये स्वस्त मिळतंय म्हणून घेताना लेबलवरचा महिना आणि वर्ष बघा, कारण डिंकाचं वय तुम्ही विकत घेता त्या दिवसापासून मोजत नाहीत, तो बनला त्या दिवसापासून मोजतात. धुऊन, पूर्ण वाळवून, सावलीत, मोकळ्या हवेत टांगून ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी नको. पावसाळ्यात उघडीप मिळाली की वारा द्या. आणि कुठल्याही मोहिमेच्या निदान महिनाभर आधी कपडे बाहेर काढून बघा. आदल्या रात्री नको. फुगे, पापुद्रे, चिकटपणा दिसला तर ते जाकीट डोंगरावर न्यायचं नाही.

आणि दुरुस्ती भोक पडायच्या आधी करायची. उजेडासमोर धरून जिथे कापड पातळ दिसतं तिथे ठिगळ लावायचं. ठिगळाचे कोपरे गोल कापायचे. टोकदार कोपरा पहिल्यांदा उचकटतो. सुती दोरा नको, पॉलिएस्टरचा. शिवताना कापड किंचित ताणून धरायचं, नाहीतर पहिल्याच मोठ्या ढांगेला टाके तटातट तुटतात. काट्यानं ओढलेला धागा कापायचा नाही. सुईनं मागच्या बाजूला ओढून घ्यायचा. आणि धुताना वेल्क्रोच्या पट्ट्या बंद करायच्या, त्यांचे आकडे शेजारच्या कपड्याचे धागे उपसतात.

त्या वर्षी भाचा मोहिमेला गेला तो मित्राचं जाकीट उसनं घेऊन. निघायच्या आधीच्या रविवारी तो जुन्नरला आला. मेलेलं जाकीट सोबत आणलं होतं, टाकून द्यायला. मी ते उलटं केलं आणि जिथे थर सुटले होते तिथून बाहेरचं कापड हळूहळू सोलून काढलं. आतला पडदा भुगा होऊन गळून पडला. बाहेरचं कापड उजेडासमोर धरलं तर वीण जशीच्या तशी, घट्ट. अंगठ्यांत ताणलं, सोडलं. परत आलं. एवढ्यापुरती माझी बोटं बरोबर होती.

अब्बांची मशीन अजून घरात आहे, पायावरची. मी पाठीच्या भागातून दोन तुकडे कापले, कोपरे गोल केले, आणि पँटच्या बसायच्या जागी आतून एक, बाहेरून एक लावून दुहेरी टीप मारली. टीप जरा वाकडी गेली. भाचा शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "मामू, आता हे किती वर्षं जाईल?"

मी म्हटलं, "बेटा, वर्षं सांगायचं मी सोडलं. दर पावसाळ्यानंतर उजेडासमोर धरून बघत जा."